मुडदूस, माशाचे तेल आणि काचेआडची इग्वाना

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीतील एका परिचितांच्या घरी काचेच्या पेटीत ठेवलेली हिरवी इग्वाना पाहण्याचा प्रसंग आला. तिचे वजन जेमतेम १०० ग्रॅम होते. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तरी रबरासारखा लवत होता, मागचे पाय सुजल्यासारखे जाड दिसत होते आणि तिला उचलून घेतले की पायांची बोटे आपोआप थरथरू लागत. घरातील आजींनी चष्म्याआडून एकवार पाहिले आणि ‘हिला मुडदूस झालाय’ असे सांगून टाकले. पाठोपाठ फडताळातून कॉड लिव्हर ऑइलची बाटलीही बाहेर आली, कारण त्यांच्या लहानपणी मुडदुसाच्या मुलांना तेच चमच्याने पाजले जात असे. आजींचे निदान बरोबर होते. तेलाविषयीची त्यांची स्मृतीही खोटी नव्हती. तरीही ते तेल त्या इग्वानाला देणे धोक्याचे ठरले असते, आणि ते का, हे समजून घेतले की पाळीव साप-सरड्यांना तेल द्यावे की नाही या प्रश्नाचा बराचसा उलगडा होतो.

येथे कायद्याची बाब आधीच सांगून टाकलेली बरी. आपल्याकडचे अजगर, धामण, घोरपड यांसारखे देशी सरपटणारे प्राणी घरी ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. हिरवी इग्वाना आणि बॉल पायथन या परदेशी जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत येत असल्याने त्या बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्यामुळे पुढील विवेचन नोंदणी केलेले परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठी आणि जखमी देशी साप काही दिवस सांभाळणाऱ्या अधिकृत उपचार केंद्रांतील लोकांसाठी आहे. कोकणात तेल आणि सरडा यांचा संबंध आजवर बहुधा उलट्या दिशेने जोडला गेला आहे, म्हणजे घोरपडीची चरबी सांधेदुखीवर चोळण्यासाठी. तोही प्रकार त्याच कायद्याखाली दंडनीय आहे.

आता तेलाकडे वळू. दुकानातील फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पिवळ्या कॅप्सूल सारख्याच दिसतात, पण त्यांपैकी एकीत माशाच्या अंगातले तेल असते आणि दुसरीत माशाच्या यकृतातले, म्हणजे काळजातले. अंगातल्या तेलात मुख्यतः ओमेगा-३ गटातील मेदाम्ले असतात. अ आणि ड ही जीवनसत्त्वे त्यात अल्प असतात. यकृताच्या तेलात मात्र ही दोन्ही जीवनसत्त्वे साठवलेली असतात, कारण स्निग्ध पदार्थात विरघळणारी जीवनसत्त्वे साठवण्याचे कोठार यकृत हेच असते. कॉड हा आपल्या समुद्रातला मासा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून येणारे कॉडचे तेल थांबले तेव्हा मद्रास आणि मुंबई इलाख्यांत आपल्या किनाऱ्यावरील मुशींच्या, म्हणजे शार्क माशांच्या, यकृतापासून तेल काढण्याचे उद्योग सरकारी पुढाकाराने सुरू झाले. मुशीच्या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर आणि ड त्यामानाने कमी असते, त्यामुळे ‘माशाचे तेल’ एवढ्या दोन शब्दांवरून बाटलीत काय आहे याचा काहीच बोध होत नाही. खोबरेल, शेंगदाणा तेल, तिळाचे तेल यांत अ आणि ड जवळजवळ नसतातच; ती मुख्यतः उष्मांक पुरवतात. औषधांच्या दुकानात बद्धकोष्ठावर मिळणारे लिक्विड पॅराफिन तर अन्नच नाही, ते खनिज तेल आहे आणि पचत नाही. या सगळ्यांना आपण एकाच शब्दाने ओळखतो, यातूनच निम्मा घोटाळा होतो.

मुडदुसाची हकीकत येथे उपयोगी पडते. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांच्या पिल्लांना ठरावीक आहारावर आणि उन्हाविना ठेवून त्यांच्यात मुडदूस निर्माण केला आणि कॉड लिव्हर ऑइलने तो टळतो हे दाखवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण देऊन बरे केले. एकाच रोगावर दोन इतके भिन्न उपाय कसे लागू पडतात, हे कोडे त्या काळच्या डॉक्टरांना काही वर्षे सुटले नाही. अमेरिकेत मॅकॉलम यांनी १९२२ साली कॉड लिव्हर ऑइल तापवून त्यातून हवा सोडली. त्यामुळे तेलातले अ जीवनसत्त्व नष्ट झाले, पण मुडदूस बरा करण्याचा गुण टिकून राहिला. म्हणजे तेलात दुसराही एक घटक होता, आणि त्याला ड हे नाव मिळाले. पुढे उलगडले ते असे की त्वचेवर अतिनील किरण पडले की शरीर हाच घटक स्वतः तयार करते. थोडक्यात, मुडदुसाला दोन वाटांनी उत्तर मिळते, एक तेलाची आणि एक उन्हाची, आणि कोणता प्राणी कोणत्या वाटेने चालतो हे त्याच्या जातीवर अवलंबून असते.

हिरवी इग्वाना उन्हाच्या वाटेची आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील नद्यांकाठच्या झाडांवर ती तासन् तास ऊन खात पडते. उन्हातील २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण तिच्या त्वचेतील कोलेस्टेरॉलसदृश घटकावर पडले की त्याचे ड जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपात रूपांतर होते, शरीराच्या ऊबेने ते पूर्वरूप पालटून ड३ बनते, मग यकृतात एक आणि मूत्रपिंडात एक असे दोन संस्कार होऊन त्याचे कार्यक्षम रूप तयार होते, आणि ते रूप आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याची व्यवस्था करते. या साखळीत ऊबेचाही वाटा आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दिवा लावला पण पेटी गार राहिली तर काम अर्धवट होते. तोंडावाटे दिलेल्या ड जीवनसत्त्वावर इग्वानाची गरज भरवशाने भागत नाही, हे पाळीव इग्वानांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. खिडकीच्या काचेतून ऊब आणि उजेड आत येतो, परंतु हे किरण जवळजवळ सगळेच काचेत अडकतात. त्या घरातील पेटी खिडकीशी होती, समोर आषाढाचे आभाळ होते, आणि आत इग्वानाला रोज केळे व पालक मिळत होता. केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, तर पालकातील ऑक्झॅलेट हाती आलेले कॅल्शियमही बांधून ठेवते. ऊन नाही आणि चुनाही नाही, अशी ती दुहेरी उपासमार होती. रक्तातील कॅल्शियम खाली जाऊ लागले की शरीर ते हाडांतून उपसून घेते, आणि सर्वांत आधी जबडा मऊ पडतो.

अशा प्राण्याला तेलाचा एक थेंब दिला तर काय बिघडेल, असा प्रश्न आजींनी विचारलाच. त्याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. कॉड लिव्हर ऑइलच्या ५ मिलिलिटरच्या एका चमच्यात साधारण ४,५०० एकके अ आणि ४५० एकके ड असते. ५० किलो वजनाच्या माणसाने तो चमचा घेतला तर १०० ग्रॅमच्या इग्वानाचा वाटा त्याच्या पाचशेवा भाग होईल. एका चमच्याचे सुमारे १०० थेंब होतात, म्हणजे तिचा वाटा एका थेंबाचा पाचवा भाग. एक पूर्ण थेंब हा तिच्यासाठी माणसाच्या पाच चमच्यांइतका, आणि ‘लहान चमचाभर’ म्हणजे पाचशे चमचे. वेगवेगळ्या प्राण्यांची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात नसते, त्यामुळे हा हिशेब औषधाचे माप ठरवण्यासाठी वापरू नये. पण हात किती सैल सुटतो याची कल्पना त्यावरून येते. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे निघून जातात. अ आणि ड यांना तशी वाट नाही. ती चरबीत आणि यकृतात साचत जातात.

साचलेल्या ड मुळे कॅल्शियम भलत्याच जागी बसू लागते: रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, मूत्रपिंडांत, फुप्फुसांत. अ चा अतिरेक झाला की त्वचा फोडांसारखी सुटून खालचे मांस उघडे पडते. कासवांना अ ची इंजेक्शने सढळ हाताने दिल्यामुळे असे झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकाला चांगली परिचित आहेत. त्याशिवाय अ फार वाढले तर ते ड च्या कामात अडथळाही आणते. मुडदुसाच्या इग्वानाला ड मिळावे म्हणून यकृताचे तेल द्यावे, तर सोबत दसपट अ जाते आणि हाडांचे दुखणे आणखी बिकट होऊ शकते.

उन्हाच्या वाटेला हा धोका नाही, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे. त्वचेतील पूर्वरूप पुरेसे झाले की पुढचे किरण त्याचेच निरुपयोगी संयुगांत रूपांतर करून टाकतात, त्यामुळे कितीही ऊन खाल्ले तरी ड चे विष होत नाही. ऊन आपले माप स्वतः राखते. बाटलीला ते राखता येत नाही. त्या इग्वानाला पशुवैद्यांनी क्ष-किरण तपासणी करून तोंडावाटे कॅल्शियम सुरू केले, अतिनील-ब, म्हणजे वर सांगितलेले २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण, देणारी नळी पेटीत सांगितलेल्या अंतरावर लावायला लावली आणि वरची बारीक जाळी काढायला सांगितली, कारण तीही किरणांचा बराच भाग खाते. केळे-पालकाच्या जागी शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने आणि थोडा किसलेला भोपळा आला. अशी नळी डोळ्यांना उजळ दिसत राहते, पण तिच्यातील अतिनील-ब सहा ते बारा महिन्यांत ओसरते, म्हणून ती तारीख लिहून बदलावी लागते. श्रावणात उघडीप मिळाली की त्या घरातील मुलगा तिला अर्धा तास जाळीच्या पिंजऱ्यातून अंगणात ठेवतो आणि कावळ्यांवर नजर ठेवून शेजारी बसतो. काचेची पेटी उन्हात ठेवू नये. ती मिनिटांत भट्टीसारखी तापते. जबडा आता घट्ट झाला आहे, पण थोडा आखूडच राहिला.

इग्वाना तेलाच्या वाटेची नाही याचे आणखी एक कारण तिच्या पोटात आहे. ती आयुष्यभर पाने खाते आणि पानांतील तंतू मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीवांकडून आंबवून घेते. त्यातून निघणारी लहान मेदाम्ले तिच्या ऊर्जेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पुरवतात. पानांत मुळातच स्निग्धांश अगदी कमी असतो. त्यावर तेल ओतले तर तंतूंवर पातळ थर चढतो आणि सूक्ष्मजीवांचे काम मंदावते. पाला ‘चविष्ट’ करण्यासाठी त्यावर तेल सोडणे हा माणसाच्या कोशिंबिरीचा विचार झाला.

सापांची गोष्ट अगदी वेगळी आहे. साप आपले सावज सबंध गिळतो, त्यामुळे त्याला उंदराबरोबर उंदराचे यकृतही मिळते, आणि त्या यकृतात अ आणि ड आधीच असतात. हाडांत कॅल्शियम असते. चरबी तर असतेच. पूर्ण वाढलेल्या उंदराचा पाण्याव्यतिरिक्त उरणारा भाग मोजला तर त्यात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा स्निग्ध पदार्थांचा निघतो. म्हणजे सापाच्या बाबतीत तेलाची बाटली सावजाच्या पोटातच असते. नीट खाऊपिऊ घातलेला उंदीर गिळणाऱ्या बॉल पायथनला वरून तेल देण्यासारखी पोकळी त्याच्या आहारात राहतच नाही. ऊन आणि साप यांचे नाते मात्र जातीनुसार बदलते: कॉर्न स्नेकला अतिनील-ब मिळाल्यावर त्याच्या रक्तातील ड वाढल्याचे दिसले, बॉल पायथनमध्ये तशाच प्रयोगात वाढ आढळली नाही.

चरबी सापाच्या शरीरात काय करते, याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. बर्मीज अजगर महिनोन् महिने उपाशी राहू शकतो, आणि मोठे सावज गिळल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचे हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वजनदार होते. कोलोरॅडो विद्यापीठातील लेस्ली लाइनवँड यांच्या गटाने २०११ साली दाखवले की जेवणानंतर एका दिवसात त्याच्या रक्तातील ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबीचे कण, पन्नास पटींहून अधिक वाढतात. रक्त अक्षरशः दुधाळ होते. तरीही हृदयात चरबी साचत नाही. ती जाळली जाते, आणि त्या रक्तातील तीन विशिष्ट मेदाम्लेच हृदयाला वाढीचा निरोप देतात. तीच मेदाम्ले योग्य प्रमाणात उंदरांना दिल्यावर त्यांचेही हृदय वाढले. यावरून कोणी अजगराला तेल पाजण्याचा निष्कर्ष काढू नये. हा सारा खेळ दीर्घ उपास आणि त्यानंतरचे एक मोठे जेवण यांच्या लयीवर चालतो, आणि घरातल्या सापाची लय बहुधा आधीच बिघडलेली असते: दर आठवड्याला उंदीर, हालचाल शून्य, उपास कधीच नाही. अशा सापाच्या पोटातील चरबीच्या गाद्या फुगतात, खवल्यांमधली कातडी दिसू लागते, आणि शेवटी यकृतात चरबी भरून ते पिवळे, तुपकट होते. लठ्ठ प्राण्याने एकाएकी खाणे सोडले की साठवलेली चरबी एकदम यकृताकडे लोटली जाते. तेव्हा हे दुखणे जिवावर बेतते. अशा वेळी ‘अशक्त झालाय’ म्हणून तेल देणे म्हणजे भरलेल्या कोठारात आणखी पोती ढकलणे होय.

तेल पचण्यासाठी ऊब लागते, हे समजावून सांगायला मला दापोलीची थंडी नेहमी उपयोगी पडते. जानेवारीच्या पहाटे दापोलीत खोबरेलाची बाटली पांढरी घट्ट झालेली असते, आणि रत्नागिरी शहरात त्याच दिवशी ती पातळ असू शकते; खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सियसला गोठते. आपल्या शरीरात गेलेले खोबरेल मात्र ३७ अंशांवर नेहमी पातळच राहते. सापाचे शरीर आसपासच्या तापमानावर चालत असल्याने त्याच्या आतड्यातली गत जवळजवळ बाटलीसारखीच होते. चरबी पचवणारी विकरे थंडाव्यात सुस्त होतात, पित्त नीट मिसळत नाही, आणि गिळलेले सावज पचण्याआधी कुजू लागते, मग साप ते ओकून टाकतो. पाळणाऱ्याला वाटते, पचनाला काहीतरी द्यायला हवे. प्रत्यक्षात पेटीचा एक कोपरा त्या जातीला हवा तितका, बॉल पायथनसाठी ३१ ते ३३ अंशांपर्यंत, उबदार करणे एवढेच बहुतेकदा पुरेसे असते.

किडे खाणाऱ्या सरड्यांच्या, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगनच्या, बाबतीत प्रश्न खरोखर गुंतागुंतीचा आहे, कारण किड्यांना उंदरासारखे जीवनसत्त्वांनी भरलेले यकृत नसते. रातकिड्यांत अ जीवनसत्त्व अगदी थोडे असते आणि फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी. पानांतील आणि गाजरातील कॅरोटीनपासून अ तयार करण्याची क्षमता जातीजातींत वेगळी आहे. कॅमेलिऑनमध्ये अ ची उणीव होऊन पापण्या सुजणे, कात डोळ्यांभोवती अडकणे असे प्रकार पशुवैद्यांना अनेकदा दिसतात. येथे तेलात विरघळवलेले अ जीवनसत्त्व औषध म्हणून खरोखर उपयोगी पडते, पण ते पशुवैद्यांनी वजनावरून मोजून द्यायचे असते. रोजची सोय दुसरी आहे: किडे सरड्यापुढे टाकण्याआधी २४ ते ४८ तास त्यांना पाला, भोपळा आणि कॅल्शियमयुक्त भरड खाऊ घालावी, आणि देताना त्यांवर भुकटी शिंपडावी. भुकटी चिकटावी म्हणून किड्यांना तेलात घोळवण्याची एक युक्ती काही जण सांगतात. किडा अंगावरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतो. तेलाने ती बुजतात आणि किडा मरतो, आणि मेलेल्या किड्याकडे बरेच सरडे ढुंकूनही पाहत नाहीत. ओमेगा-३ विषयी आस्था असणाऱ्यांनी किड्यांच्या भरडीत थोडे जवस घालावे, कारण निव्वळ धान्यावर वाढलेल्या रातकिड्यांत ओमेगा-६ गटाचे वर्चस्व असते आणि किडा जे खातो ते त्याच्या चरबीत उतरते. वॅक्सवर्म, म्हणजे मेणपतंगाच्या अळ्या, मात्र जपून द्यावेत. त्यांच्या ओल्या वजनाचा सुमारे चौथा भाग चरबीचा असतो, तर रातकिड्यात तो ६ टक्क्यांच्या आसपास असतो. वॅक्सवर्मला सोकावलेला सरडा पुढे दुसरे काही खायला तयार होत नाही. आपल्या घरातील मुलांचे आणि फरसाणाचे नाते त्याहून वेगळे नाही.

तेल तोंडात सोडण्याची कृतीच मुळात धोक्याची आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. नागपंचमीला नागाला दूध पाजण्याची प्रथा चुकीची का, हे आता शाळेतील मुलेही सांगतात; पण त्याच घरातील माणूस ड्रॉपरने सापाच्या तोंडात तेल सोडायला कचरत नाही. सापाच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या जवळ, जबड्याच्या तळाशी अगदी पुढे असते. सापाला श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, नसते, त्यामुळे चुकून आत गेलेला द्रव जोराने खोकून बाहेर टाकता येत नाही. बहुतेक सापांचे एकच फुप्फुस कामाचे असते. बद्धकोष्ठासाठी वापरले जाणारे लिक्विड पॅराफिन यात सर्वांत वाईट: ते बेचव आणि मऊ असल्यामुळे श्वासनलिकेत शिरले तरी प्राण्याला त्याची जाणीव होत नाही, आणि फुप्फुसात गेलेले तेल शरीर शोषून घेऊ शकत नाही, तिथे दाह माजतो. शिवाय आतड्यातून जाताना ते अ, ड, ई या जीवनसत्त्वांना आपल्यात विरघळवून बरोबर घेऊन जाते. साप किंवा सरडा शौचास होत नसेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ बसवणे, पेटीची ऊब तपासणे आणि दोन-चार दिवसांत फरक न पडल्यास पशुवैद्यांकडे नेणे, हा क्रम बरा. कात सुटत नाही म्हणून आहारात तेल वाढवणारेही असतात. कात सुटते ती पाणी आणि दमटपणा यांमुळे. कोकणात दमटपणाची वाण नसते, अपवाद वातानुकूलित खोलीचा.

मासे खाणाऱ्या सापांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण उपचार केंद्रांत आलेली पाणदिवड हा आपल्या किनाऱ्यावर नेहमीचा रुग्ण असतो आणि तिच्यासाठी सर्वांत सहज हाती येणारी वस्तू म्हणजे तारली. तारली पावसाळ्यानंतर तेलकट होत जाते, उन्हाळ्यात ती कोरडी असते, हे मासळी बाजारातील कोणतीही बाई सांगेल. ते तेल आरोग्याला चांगले अशी आपली समजूत आहे, आणि ताज्या माशाच्या बाबतीत तिच्यात तथ्यही आहे. पण माशांची बहुअसंतृप्त मेदाम्ले हवेशी झपाट्याने संयोग पावतात, आणि तो संयोग आवरण्यासाठी शरीरातील ई जीवनसत्त्व खर्ची पडते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत फ्रीजरमध्ये महिनोन् महिने पडलेली तेलकट तारली सापाला सतत खाऊ घातली तर ई संपत जाते आणि अंगातील चरबीला दाह होऊन ती पिवळी, कडक होते. त्यावर माशाचे तेल देणे म्हणजे आगीत तेल ओतणे, आणि येथे हा वाक्प्रचार शब्दशः लागू पडतो. द्यायचे असते ते ई.

या माशांत दुसरीही एक अडचण असते. तारलीच्या कुळातील काही माशांत ब१, म्हणजे थायामिन, नष्ट करणारे विकर असते, आणि गोठवलेला मासा वितळत असताना ते काम करीतच राहते. केवळ अशा माशांवर ठेवलेल्या सापाला झटके येऊ लागतात, उलटा केला तर त्याला सरळ होता येत नाही. मासा ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवला तर ते विकर निकामी होते. त्यानंतर थोडे थायामिन वरून देणे योग्य. थायामिन पाण्यात विरघळणारे असल्याने कोणतेही तेल ही उणीव भरून काढत नाही. तसेच, लाकडी होड्यांना लावण्यासाठी मिळणारे माशांचे तेल कोणत्याही प्राण्याला देऊ नये. ते खाण्यासाठी काढलेले नसते आणि बहुधा खवट असते.

खवटपणाचा मुद्दा कोकणात विशेष महत्त्वाचा आहे. मॅकॉलम यांनी तेलातून गरम हवा सोडून जे केले, ते आपल्याकडील मे महिना स्वयंपाकघरातील फळीवर हळूहळू करीतच असतो: बाटली अर्धी झाली की उरलेल्या अर्ध्या जागेत हवा शिरते, अ जीवनसत्त्व ओसरते आणि तेल खवटते. पशुवैद्यांनी तेलातील औषध लिहून दिले तर शक्य तितकी लहान बाटली घ्यावी, ती गडद रंगाची असावी, उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी आणि ती फ्रीजच्या दारात न ठेवता आतल्या फळीवर ठेवावी. डोस द्यायला ड्रॉपरपेक्षा सुई नसलेली एक मिलिलिटरची सिरिंज बरी, कारण तिच्यावर मिलिलिटरचा शंभरावा भाग वाचता येतो. सापांसाठी गोठवून ठेवलेले उंदीरही याच नियमात येतात, कारण त्यांची चरबी शीतपेटीतही सावकाश ऑक्सिडाइज होत राहते. ते हवा काढलेल्या पिशवीत, तारीख घालून, सहा महिन्यांच्या आत संपतील इतकेच साठवावेत. आणि पावसाळ्यात रात्रभर वीज गेली तर सकाळी पिशवी उघडून वास घ्यावा. उंदीर मऊ पडले असतील किंवा जुन्या खोबऱ्यासारखा वास येत असेल, तर ते पुन्हा गोठवू नयेत. खड्डा करून पुरून टाकावेत, आणि पुढच्या खेपेस कमी आणावेत.